स्किझोफ्रेनियाचं नवं औषध: घरातला नळ की गल्लीतला व्हॉल्व्ह?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, स्किझोफ्रेनियावरच्या एका कॅप्सूलला मंजुरी दिली. बाजारातलं नाव कोबेन्फी. आत दोन औषधं: झॅनोमेलिन आणि ट्रोस्पियम. 'सत्तर वर्षांनी नव्या पद्धतीचं औषध' अशा बातम्या आल्या. ज्या घरात हा आजार आहे तिथे अशी बातमी वाचून बाजूला ठेवली जात नाही. ती डॉक्टरांना पाठवली जाते, मामाला पाठवली जाते, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर आईवडील एकमेकांना विचारतात: आपल्याला हे मिळेल का? इतकी वर्षं दिलेल्या गोळ्या चुकीच्या होत्या का?

त्या गोळ्या चुकीच्या नव्हत्या, आणि नवं औषध खरोखर वेगळं आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते समजायला मेंदूतल्या रसायनांची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

## आधी आजार नीट ओळखू

स्किझोफ्रेनियाच्या 'छिन्नमनस्कता' या मराठी नावामुळे पुष्कळांना वाटतं की एका माणसात दोन माणसं वावरतात. तसं नसतं. या आजाराची लक्षणं तीन गटांत पडतात. पहिल्या गटात नको ते येऊन बसतं: कोणी नसताना आवाज येतात, शेजारी कट करताहेत असा पक्का संशय येतो. डॉक्टर याला 'पॉझिटिव्ह' लक्षणं म्हणतात. इथे पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं नव्हे, भर पडलेलं. दुसऱ्या गटात हवं ते निघून जातं: उमेद, बोलणं, माणसांची ओढ, अंघोळीचं भान. ही 'निगेटिव्ह' लक्षणं. तिसरा गट विचारशक्तीचा. वाचलेलं लक्षात राहत नाही, चार कामं क्रमाने जमत नाहीत.

शुभंकर, म्हणजे रुग्णाचा सांभाळ करणारी घरची माणसं, नेहमी म्हणतात, "आवाज थांबले हो, पण आता नुसता पडून असतो." तो आळस नसतो. पहिला गट औषधाने शांत झाला आणि दुसरा-तिसरा जागच्या जागी राहिला, एवढाच त्याचा अर्थ. आजवरच्या बहुतेक औषधांची ही मोठी उणीव आहे.

## डोपामिन करतं काय?

मेंदूच्या दोन पेशींमध्ये बारीकशी फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते आणि समोरच्या पेशीवरच्या 'रिसेप्टर'मध्ये ते जाऊन बसतं. रिसेप्टर म्हणजे ठरावीक किल्लीनेच उघडणारं कुलूप समजा. डोपामिन ही अशीच एक किल्ली.

डोपामिनचं एक काम म्हणजे समोर आलेल्या गोष्टीवर 'महत्त्वाचं' असा शिक्का मारणं. बसथांब्यावर मागे कोणीतरी खोकतं. एरवी आपलं तिकडे लक्षही जात नाही. मेंदूच्या आत खोलवर 'स्ट्रायटम' नावाचा भाग आहे. तिथे डोपामिन जास्त सुटत असेल तर त्या खोकल्यावर शिक्का पडतो. मग समोरच्या रिक्षाच्या नंबरावर पडतो, बातम्या देणाऱ्या बाईच्या साडीच्या रंगावरही पडतो. इतक्या गोष्टी एकदम महत्त्वाच्या वाटू लागल्या की मन त्यांची सांगड घालतं: हे सगळे मिळून माझ्यावर पाळत ठेवताहेत.

यातून एक व्यवहाराची गोष्ट कळते. औषध शिक्के मारणं कमी करतं, आधी रचलेली गोष्ट खोडत नाही. म्हणून गोळी सुरू झाल्यावर बेचैनी आणि झोप आधी सुधारते, आवाज मागे सरतात, आणि संशय मात्र कित्येक आठवडे रेंगाळतो. आठ दिवसांत 'अजून तेच बोलतोय' म्हणून औषध बदलायला लावणं घाईचं ठरतं.

'मग रक्त तपासून डोपामिन मोजता येईल का?' येत नाही. रक्तातलं डोपामिन स्ट्रायटमची खबर देत नाही. 'पेट स्कॅन' या मेंदूच्या चित्रणाने संशोधनात ते अजमावलं जातं, निदानासाठी नाही. शिवाय प्रश्न नुसत्या जास्त-कमीचा नाही. स्ट्रायटममध्ये डोपामिनचा जोर वाढलेला असतो आणि मेंदूच्या पुढच्या भागात त्याचं काम बहुधा मंदावलेलं असतं. त्यामुळे 'मेंदूतलं केमिकल वाढलंय' हे वाक्य अर्धंच खरं आहे.

## सर्पगंधेपासून सुरुवात

डोपामिनचा हा धागा हाती लागण्यात आपल्याकडच्या एका मुळीचा वाटा आहे. बिहारकडे सर्पगंधेला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडसरपणा आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचे आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापले, आणि जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातून 'रेसर्पिन' वेगळं काढलं गेलं.

स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांनी त्याच सशांना डोपामिनचा कच्चा माल असलेलं एल-डोपा टोचलं, आणि ससे पुन्हा हिंडू लागले. रेसर्पिन मेंदूतले डोपामिनचे साठे रिकामे करतं, हे त्यातून उलगडत गेलं.

याच सुमारास फ्रान्समध्ये 'क्लोरप्रोमाझिन' आलं. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात डिले आणि डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं समोर बसून बोलू लागली. हे औषध डोपामिनचं कुलूप अडवत असावं, असं कार्लसन यांनी १९६३ मध्ये मांडलं. पुढे २००० साली त्यांना नोबेल मिळालं. १९७०च्या दशकात आणखी पक्का पुरावा आला: जे औषध 'डी-२' नावाच्या कुलपाला जितकं घट्ट चिकटतं, तितका त्याचा डोस कमी लागतो. म्हणून हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅम पुरतं आणि क्लोरप्रोमाझिन काहीशे मिलिग्रॅम द्यावं लागतं.

## आत्ताच्या गोळ्या: नळात कोंबलेला बोळा

गल्लीत पाण्याचा दाब फार वाढला आहे आणि घरोघरचे नळ उडताहेत अशी कल्पना करा. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही औषधं प्रत्येक नळाच्या तोंडात बोळा कोंबतात. डोपामिन येतच राहतं, फक्त डी-२ कुलूप अडवलेलं असल्याने ते आत शिरत नाही. उपाय खरा आहे आणि त्याने लाखो घरं सावरली आहेत.

अडचण अशी की डी-२चे नळ फक्त संशयाच्या घरात नसतात. हालचाल सांभाळणाऱ्या भागात बोळा बसला की हात थरथरतात, अंग ताठरतं, पाय एका जागी ठरत नाहीत, कधी मान एकीकडे खेचली जाते. पिट्युटरी ग्रंथीपाशी बसला की प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि मुलीची पाळी चुकू लागते. घरचे संकोचाने हे डॉक्टरांना सांगत नाहीत. अवश्य सांगावं, कारण यावर उपाय आहे. डोसची खिडकीही अरुंद असते. साधारण ६५ टक्के डी-२ कुलपं अडली की गुण येऊ लागतो, ८० टक्क्यांच्या वर गेलं की थरथर आणि ताठरपणा वाढतो. 'डोस दुप्पट केला तर लवकर बरा होईल' हे म्हणून चालत नाही.

आता घरातली चिठ्ठी काढून बघा. रिस्पेरिडोनच्या शेजारी बऱ्याचदा 'ट्रायहेक्सिफेनिडिल' असतं. डॉक्टर त्याला टीएचपी म्हणतात. भारतात ही दोन्ही एकाच गोळीतही मिळतात. टीएचपी थरथर कमी करतं, पण ते 'ॲसिटिलकोलिन' या दुसऱ्या रसायनाचं कुलूप अडवून. त्याची किंमत म्हणजे कोरडं तोंड, बद्धकोष्ठ, धूसर दिसणं आणि स्मरणशक्तीवर ताण. ज्या माणसाला आधीच लक्षात ठेवायला जड जातं, त्याच्यावर हा वेगळा बोजा पडतो. थरथर नसताना टीएचपी वर्षानुवर्षं चालू असेल, तर 'याची अजून गरज आहे का?' हे पुढच्या भेटीत नक्की विचारा. आपल्या मनाने एकदम बंद मात्र करू नका. सोडायचं ते हळूहळू. हे कुलूप लक्षात ठेवा, कारण नवं औषध नेमकं त्यालाच उलट्या बाजूने हात घालतं.

## नवं औषध व्हॉल्व्ह फिरवतं

सकाळी पाणी सोडणारा माणूस रस्त्यातल्या खड्ड्यात लांब चावी घालतो आणि व्हॉल्व्ह फिरवतो. घराघरांत शिरायची त्याला गरज नसते. झॅनोमेलिन तसं काम करतं. ते डी-२ कुलपाला हातच लावत नाही.

ॲसिटिलकोलिनच्या कुलपांची एक जात आहे 'मस्करिनिक', एम-१ ते एम-५ अशी पाच. मेंदूच्या देठात काही पेशी ॲसिटिलकोलिन सोडून डोपामिनच्या पेशींना चेतवत असतात. त्यांच्यावरचं एम-४ कुलूप म्हणजे ब्रेक. झॅनोमेलिन तो ब्रेक दाबतं. चेतवणी घटते आणि स्ट्रायटमकडे जाणारं डोपामिन उगमापाशीच कमी होतं. एम-१ कुलपं मेंदूच्या बाहेरच्या थरात, विचार आणि स्मरणाच्या भागात जास्त आहेत. झॅनोमेलिन त्यांनाही चालना देतं. हे चित्र बरंचसं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून जुळवलेलं आहे.

हे औषध आजचं नाही. १९९०च्या दशकात एली लिली कंपनी ते अल्झायमरसाठी तपासत होती. १९९७ मध्ये छापलेल्या चाचणीत स्मरणशक्तीपेक्षा वेगळंच काही नजरेत भरलं: रुग्णांचे भास आणि संशय कमी झाले. पण मस्करिनिक कुलपं जठरात, आतड्यात, लाळेच्या आणि घामाच्या ग्रंथींतही असतात. मळमळ, उलट्या, घाम इतका वाढला की मोठा डोस घेणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांनी औषध सोडलं. २००८ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या २० रुग्णांवर छोटी चाचणी झाली. निकाल आशादायक होता, तरी पोटाची तक्रार कायम होती.

तोडगा मिळाला तो जोडीदारात. ट्रोस्पियम हे वारंवार लघवी लागण्यावरचं जुनं औषध मस्करिनिक कुलपं अडवतं. त्याच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, म्हणून रक्त आणि मेंदू यांच्या मधली भिंत त्याला सहसा ओलांडता येत नाही. झॅनोमेलिन मेंदूत जाऊन कुलूप उघडतं, ट्रोस्पियम बाहेर पोटापाशी थांबून तेच कुलूप बंद ठेवतं. अमेरिकेतल्या करुणा थेरप्युटिक्स या कंपनीने ही जोडी पुढे नेली. ब्रिस्टल मायर्स स्क्विबने २०२४ मध्ये ती कंपनी १४ अब्ज डॉलरला विकत घेतली.

## आकडे कसे वाचायचे?

या आजाराची तीव्रता 'पॅन्स' नावाच्या मापाने मोजतात. त्यात ३० बाबी असतात आणि प्रत्येकीला १ ते ७ गुण. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाचे गुणही ३० भरतात, शून्य नव्हे. उदाहरणार्थ, आवाज दिवसभर येतात आणि रुग्ण त्यांना मोठ्याने उत्तरं देतो, तर त्या बाबीला वरचे गुण. आवाज कधीमधी येतात आणि तो दुर्लक्ष करू शकतो, तर खालचे.

चाचण्यांच्या मालिकेचं नाव 'इमर्जंट'. दुसऱ्या चाचणीत २५२ जण होते, सगळे रुग्णालयात दाखल, मुदत पाच आठवडे. सुरुवातीचे गुण सरासरी ९८च्या आसपास. औषध घेणाऱ्यांचे गुण २१.२ने उतरले, बिनऔषधाची दिसायला तशीच कॅप्सूल, म्हणजे प्लासिबो घेणाऱ्यांचे ११.६ने. फरक ९.६. पहिल्या चाचणीत तो ११.६ होता, तिसरीत ८.४. तीनही वेळा फरक एकाच दिशेने पडला, आणि म्हणून तो विश्वासार्ह मानायला हरकत नाही. आकाराने तो आधीच्या चांगल्या औषधांच्या पंक्तीतला आहे, त्यांच्या डोक्यावरून उडी मारणारा नाही. वेगळेपणा दुष्परिणामांत आहे: या पाच आठवड्यांत वजन, ताठरपणा, थरथर यांत प्लासिबोपेक्षा ठळक वाढ दिसली नाही.

'बिनऔषधाच्या कॅप्सूलने साडेअकरा गुण कसे उतरले?' ही शंका रास्त आहे. रुग्ण सर्वांत वाईट अवस्थेत दाखल होतो आणि काही अंशी तिथून आपोआप खाली येतो. त्यात वेळेवर जेवण, झोप, रोज कोणीतरी शांतपणे विचारपूस करणं, घरातल्या तणावातून सुटका. या गोष्टींचंही वजन असतं, आणि त्या घरीही काही प्रमाणात देता येतात.

## कॅप्सूल घेण्याची शिस्त

सुरुवात ५० मिलिग्रॅम झॅनोमेलिन आणि २० मिलिग्रॅम ट्रोस्पियमने, दिवसातून दोनदा, किमान दोन दिवस. मग १००/२० दोनदा, किमान पाच दिवस. सोसलं तर १२५/३० दोनदा. पासष्टीच्या पुढे १००/२०च्या वर जात नाहीत. प्रत्येक वेळी जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा दोन तासांनंतर, आणि कॅप्सूल फोडायची नाही. म्हणजे सकाळी साडेसहाला घेतली तर चहा-पोहे साडेसातनंतर. रात्री साडेआठला जेवण तर दुसरी कॅप्सूल साडेदहाला. 'दोन जेवणांनंतर एकेक' या सवयीच्या घरात पहिली चूक इथेच होते.

सुरुवातीच्या आठवड्यांत मळमळ, अपचन, बद्धकोष्ठ, उलट्या होऊ शकतात. दुसऱ्या चाचणीत मळमळ औषधाच्या गटात साधारण पाचातल्या एकाला झाली. नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढू शकतो. लघवी तुंबण्याचा त्रास, यकृताचा मध्यम किंवा गंभीर आजार, जठर रिकामं न होणं, उपचार न केलेला अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर हे औषध देत नाहीत. प्रोस्टेट वाढलेल्या वडीलधाऱ्यांबाबत म्हणूनच खास चौकशी लागते. यकृताच्या तपासण्या आधी कराव्या लागतात. फ्लुओक्सेटिनसारखी उदासीनतेवरची काही औषधं रक्तातलं झॅनोमेलिन वाढवतात. चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवायची ती यासाठी. आणि टीएचपी मेंदूतलं हेच कुलूप अडवत असल्याने दोन्ही एकत्र देणं म्हणजे एका हाताने व्हॉल्व्ह फिरवून दुसऱ्याने तो धरून ठेवणं.

## "चालू गोळीत ही भर घातली तर?"

हा विचार कंपनीनेही केला. आधीच्या औषधाने पुरेसा गुण न आलेल्या रुग्णांना त्याच औषधासोबत कोबेन्फी देऊन पाहिलं. एप्रिल २०२५ मध्ये निकाल आला: फरक जेमतेम २ गुणांचा, आणि तो योगायोगाने आला नसेल असं म्हणण्याइतका भक्कम नव्हता.

ज्यांना कशानेच फरक पडत नाही, अशांना इमर्जंटच्या मुख्य चाचण्यांत घेतलंच नव्हतं. त्यांच्यासाठी क्लोझापिनला आजही तोड नाही. दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी किमान सहा आठवडे देऊनही गुण नसेल तर क्लोझापिनचा विचार व्हायला हवा. ते पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतं, शंभरात एकाहून कमी जणांत. म्हणून सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात. या सुयांच्या भीतीने क्लोझापिन वर्षानुवर्षं लांबणीवर पडतं, आणि ते मला फार चुकीचं वाटतं.

## "मग जुनी गोळी थांबवून नव्याची वाट पाहू?"

कृपया असं करू नका. जुन्या औषधांच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब २०१२ मध्ये छापला गेला. वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण औषध चालू ठेवणाऱ्यांत २७ टक्के होतं, बंद केलेल्यांत ६४ टक्के. गोळी सोडल्यावर पहिले काही आठवडे माणूस उलट जास्त तरतरीत दिसतो, सुस्ती जाते, आणि घरच्यांना वाटतं निर्णय बरोबर होता. आजार उलटतो तो त्यानंतर. या औषधांचं व्यसन लागत नाही. शुगर किंवा बीपीच्या गोळ्यांसारखं ते चालू ठेवावं लागतं, एवढंच.

किमतीचंही भान हवं. अमेरिकेत कोबेन्फीची छापील किंमत महिन्याला १,८५० डॉलर ठेवली गेली. आणि तिथली मंजुरी भारतात आपोआप लागू होत नाही. इथे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची स्वतंत्र परवानगी लागते. ऑनलाइन कुठूनतरी मागवलेली कॅप्सूल, यकृताची तपासणी न करता, रुग्णाला देऊ नका.

## रांगेतली बाकी औषधं

यश एकाला आलं, अपयश अनेकांना. एमराक्लिडिन हे फक्त एम-४वर काम करणारं औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन चाचण्यांत प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. त्यामुळे झॅनोमेलिनच्या यशात एम-१चा वाटा किती, हा प्रश्न उघडा आहे. ग्लुटामेट या तिसऱ्या रसायनाच्या वाटेने विचारशक्ती सुधारू पाहणारं आयक्लेपर्टिन जानेवारी २०२५ मध्ये मागे पडलं. त्याआधी २०२३ मध्ये उलोटारॉन्टही. त्यामुळे 'क्रांतिकारी' असं लेबल लागलेल्या प्रत्येक नव्या रेणूच्या बातमीत दोन गोष्टी शोधा: चाचणी कितव्या टप्प्यातली, आणि तुलना प्लासिबोशी की चालू औषधाशी.

## चाचणीत सहभागी व्हायचं असेल तर

आपल्याकडेही मानसिक आजारांवरच्या औषधांच्या चाचण्या चालतात, आणि त्यांत भाग घेणं म्हणजे 'उंदीर होणं' नव्हे. पण सहीआधी काही गोष्टी पाहाव्या. चाचणीची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत असली पाहिजे. नोंदणी क्रमांक मागा आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी आणून वाचा. २०१९च्या नियमांनुसार, नव्या रेणूच्या चाचणीत स्वतःचं हित जपायला ज्यांना जड जातं अशा व्यक्तींच्या संमतीचं दृकश्राव्य चित्रण करावं लागतं. कॅमेरा पाहून बिचकू नका, तो रुग्णाच्या रक्षणासाठी आहे. मध्येच बाहेर पडण्याचा हक्क असतो आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

याशिवाय तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. चालू औषध बंद करावं लागेल का, लागलं तर किती दिवस आणि त्या काळात रुग्ण दाखल असेल का? प्लासिबो मिळण्याची शक्यता किती? आणि गुण आला, तर चाचणी संपल्यावर हेच औषध पुढे कोण देणार? तिसऱ्याचं उत्तर तोंडी मिळालं तर ते लिहून मागा.